तळे डाव्या हाताला ठेवून

इंग्लंडच्या नैऋत्येस विल्टशर परगण्याच्या अगदी कडेला, सॉमरसेट आणि डॉर्सेट या शेजारच्या परगण्यांच्या सीमा जेथून फार दूर नाहीत अशा ठिकाणी, स्टाउर नदीच्या उगमाची एक लहानशी दरी आहे. या दरीत अठराव्या शतकात रचले गेलेले स्टाउरहेडचे उद्यान हे ‘भूदृश्य उद्यान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलाप्रकाराचे बहुधा सर्वांत पूर्ण उदाहरण होय. उद्यान म्हटल्यावर फुलांचे ताटवे, आखीव वाफे आणि कारंजी यांची जी अपेक्षा मनात तयार होते, तिला येथे फारसा वाव मिळत नाही. भूदृश्य उद्यानात टेकडीचा उतार, पाण्याचा विस्तार, गवताळ माळ आणि वृक्षांचे समूह हीच रचनेची सामग्री असते. ती अशा बेताने मांडलेली असते की माणसाचा हात कोठेही जाणवू नये, आणि तरीही चालणाऱ्याची नजर प्रत्येक वळणावर नेमकी मालकाला हवी तेथेच जावी.

या कलेचा उगम एका प्रतिक्रियेत आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायच्या राजवाड्याभोवती जी उद्याने रचली, त्यांत सरळ रेषेत क्षितिजापर्यंत धावणारे हमरस्ते, कातरून भिंतीसारखी केलेली झाडे आणि भूमितीच्या शिस्तीत बसवलेली जलाशयांची मालिका होती. राजसत्तेची इच्छा निसर्गावरही चालते, हे त्या रचनेतून पाहणाऱ्याच्या मनावर ठसत असे. अठराव्या शतकाच्या आरंभी जोसेफ ॲडिसन आणि अलेक्झांडर पोप या लेखकांनी या कातरकामावर टीका केली. चित्रकार म्हणून सुरुवात केलेल्या विल्यम केंटने स्टो आणि राउशम येथील उद्यानांत वाकड्या वाटा, मोकळे झाडांचे पुंजके आणि दूरच्या शेतांपर्यंत पोचणारी दृश्ये आणली. या बदलाला ‘हा-हा’ नावाच्या एका साध्या युक्तीने मोठा हातभार लावला. कुंपणाची भिंत जमिनीवर न उभारता एका खंदकाच्या आत बांधली, की गुरे बागेत शिरत नाहीत आणि घराच्या खिडकीतून पाहणाऱ्यास बाग व कुरण यांच्यामधली सीमाच दिसत नाही. पुढे लान्सलट ब्राउन या व्यावसायिक उद्यानरचनाकाराने हीच शैली इंग्लंडभर नेली. स्टाउरहेडला मात्र ब्राउनचा हात लागलेला नाही. ते होर घराण्यातल्या एका सावकाराने, आपल्या वास्तुविशारदाला हाताशी धरून, स्वतः रचलेले आहे.

होर घराण्याची पेढी रिचर्ड होर याने लंडनमध्ये १६७२ साली स्थापन केली आणि ती आजही त्याच घराण्याकडे आहे. स्टाउरहेडची जमीन त्याआधी शतकानुशतके स्टाउर्टन नावाच्या सरदार घराण्याची होती, ज्याच्या कुलचिन्हावर स्टाउरच्या उगमाचे सहा झरे कोरलेले असत. त्या घराण्याच्या हातून ती गेल्यावर १७१७ मध्ये रिचर्डचा मुलगा पहिला हेन्री होर याने ती विकत घेतली. जुने घर पाडून कोलेन कॅम्बेल या वास्तुविशारदाकडून त्याने नवे घर बांधवले. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पालाडिओ याच्या नियमांवर बेतलेली, म्हणजे पालाडियन शैलीची, जी घरे इंग्लंडमध्ये आरंभी उभी राहिली, त्यांत या घराची गणना होते. या बांधकामामागच्या पैशाविषयी मौन पाळणे योग्य नव्हे. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांचे भाव अवास्तव चढून कोसळले आणि हजारो कुटुंबे बुडाली, तेव्हा होर पेढीने वेळीच विक्री करून मोठा नफा कमावला होता, आणि त्या कंपनीचा एक मुख्य व्यवहार स्पॅनिश वसाहतींना आफ्रिकी गुलाम पुरवण्याच्या मक्त्याचा होता. या उद्यानातल्या तळ्याकाठच्या शांततेचे वर्णन करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, कारण ही शांतता फार खर्चिक आहे आणि तो खर्च कोणाकोणाच्या वाट्याला आला हे ठाऊक आहे.

उद्यान मात्र या हेन्रीचे नव्हे. ते त्याच्या मुलाचे, दुसऱ्या हेन्री होरचे (१७०५–१७८५) काम आहे. १७३८ ते १७४१ या काळात तो इटलीत फिरला, परत येईतो त्याच्या आईचे निधन होऊन घर त्याच्या ताब्यात आले, आणि दोनच वर्षांनी, १७४३ मध्ये, त्याची दुसरी पत्नी वारली. त्याने पुन्हा लग्न केले नाही. त्यानंतर सुमारे तीस वर्षे, लंडनमधला पेढीचा कारभार सांभाळत असताना, तो या दरीत झाडे लावत आणि इमारती उभारत राहिला. हेन्री फ्लिटक्रॉफ्ट हा वास्तुविशारद या कामात दीर्घकाळ त्याच्या सोबत होता. इटलीत पाहिलेली भग्न देवळे, तेथील क्लोद लोरें आणि गास्पार द्यूगे या चित्रकारांची निसर्गचित्रे, आणि लहानपणापासून वाचलेला लॅटिन कवी व्हर्जिल, या तिन्हींची छाया त्या कामावर पडलेली आहे.

स्टाउरहेडला आगगाडीने जाणारा प्रवासी लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून डॉर्सेटमधील गिलिंगहॅमला उतरतो आणि तेथून उरलेले अंतर रस्त्याने कापतो. उद्यानात शिरण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत, आणि कोणत्या वाटेने शिरावे हा प्रश्न येथे सोयीपुरता नाही. पाहणाऱ्याला उद्यान कितपत उमगणार हे त्यावर अवलंबून आहे. स्टाउर्टन गावाकडून आत येणाऱ्याला पहिल्याच क्षणी पाच कमानींचा दगडी पूल, त्यापलीकडचे पाणी आणि पाण्याच्या दुसऱ्या टोकाला घुमटाचे देऊळ असे संपूर्ण दृश्य एकदम मिळते. दिनदर्शिकांवर आणि पर्यटनाच्या जाहिरातींत असते ते हेच. ते निःसंशय सुंदर आहे. पण ज्याला ते आरंभीच मिळते त्याचे मोठे नुकसान होते, कारण जे कमवायचे होते ते त्याला फुकट मिळून जाते. होर कुटुंब आणि त्यांचे पाहुणे टेकडीवरच्या घरातून निघत, झाडीतून उताराने खाली येत, आणि तळ्याला डाव्या हाताला ठेवून पूर्ण वळसा घालत. देवाला उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालण्याची सवय असलेल्या मराठी प्रवाशाला ही उलटी, अपसव्य परिक्रमा थोडी वेगळी वाटण्याचा संभव आहे. तरी स्टाउरहेडला येणाऱ्याने याच दिशेने चालावे, असा आग्रह धरण्यास पुरेशी कारणे आहेत.

घराकडून येणारी वाट पाणी लगेच दाखवत नाही. बीच आणि लॉरेल यांच्या गर्द हिरवाईतून ते तुकड्यातुकड्याने दिसते आणि पुन्हा झाकले जाते, आणि पलीकडच्या काठावरची एखादी पांढुरकी इमारत फांद्यांच्या चौकटीत क्षणभर दिसून नाहीशी होते. उतार संपला की पूर्व काठावर पुष्पदेवता फ्लोराचे देऊळ लागते. १७४४ ते १७४६ या काळातली ही उद्यानातली पहिली महत्त्वाची इमारत आहे, आणि आरंभी ती धान्यदेवता सेरीसच्या नावाने ओळखली जाई. साध्या डोरिक शैलीच्या खांबांची दर्शनी ओवरी आणि मागे एक छोटी खोली एवढेच तिचे रूप आहे. दारावर मात्र लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत. व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात, ट्रॉयच्या पाडावानंतर भटकणारा वीर ईनियस पाताळात उतरण्याच्या बेतात असताना, भविष्य सांगणारी पुजारीण दीक्षा नसलेल्यांना दूर राहण्याची आज्ञा करते. हे शब्द त्या प्रसंगातले आहेत. अठराव्या शतकातला शिकलेला इंग्रज पाहुणा ते वाचताच जाणत असे की पुढची वाट सामान्य फेरफटक्याची नाही.

पुढे वाट उत्तरेकडे वळते, झाडी दाट होते, आणि काठाने बरेच अंतर चालून गेल्यावर जमीनच उघडते. १७४८ मध्ये बांधलेली ही कृत्रिम गुहा स्टाउरहेडचे हृदय आहे, आणि प्रस्तुत लेखात तिच्यापाशी अधिक वेळ थांबणे त्यामुळेच भाग आहे. अशा गुहा बांधण्याची प्रथा युरोपात रोमन काळापासून होती, पोपने टेम्सकाठच्या आपल्या बागेत बांधलेली गुहा प्रसिद्ध होती, आणि होरने ती परंपरा पुढे नेली. पण पुष्कळ ठिकाणी शंखशिंपल्यांच्या सजावटीपुरता उरलेला हा प्रकार येथे वेगळ्याच गांभीर्याने वापरला आहे. खडबडीत, सच्छिद्र दगडांच्या तोंडातून आत जाताना उजेड एकदम कमी होतो, बाहेरच्या पक्ष्यांचे आवाज मागे राहतात आणि पाण्याचा आवाज वाढतो. पायांखाली गोट्यांची फरशी आहे. मधल्या गोल दालनाच्या छताला वर एक भोक आहे, त्यातून पडणारा उजेड दालनाच्या मध्यभागी उतरतो आणि कडेचे कोनाडे अर्ध्या अंधारात राहतात. एका कोनाड्यात, व्हॅटिकनमधील प्राचीन निद्रिस्त स्त्रीमूर्तीच्या धर्तीवर केलेली, झऱ्याच्या अप्सरेची पांढरी मूर्ती दगडी पलंगावर झोपलेली आहे, आणि तिच्या खालून झऱ्याचे खरे पाणी अखंड वाहत एका कुंडात पडते. कुंडाच्या काठावर पोपच्या ओळी कोरल्या आहेत. झोपलेली अप्सरा त्यांतून येणाऱ्याला शांत राहण्यास सांगते.

या दालनाच्या एका बाजूला ओबडधोबड दगडांची एक खिडकी ठेवली आहे. अंधाराला सरावलेले डोळे तिच्यातून बाहेर पाहतात तेव्हा पाण्याची सपाटी जवळजवळ नजरेच्या पातळीला येते, तिच्यावर उजेड असतो, आणि पलीकडे पूल, गावातली घरे आणि चर्चचा मनोरा असतो. गावाकडून शिरणारा जे दृश्य प्रवेशद्वारीच पाहतो, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. फरक एवढाच की येथे ते पाताळाच्या आतून, एका चौकटीत, जिवंत माणसांच्या जगाकडे पाहिल्यासारखे दिसते. उद्यानकलेत इतक्या कमी साधनांनी इतका खोल परिणाम साधल्याची दुसरी उदाहरणे सहज सांगता येत नाहीत. पुढच्या दालनात जॉन चीअर याने १७५१ मध्ये घडवलेली नदीदेवाची शिशाची मूर्ती बसलेली आहे. तिचा हात पुढच्या वाटेकडे उचललेला आहे, आणि तेथून दगडी पायऱ्या वर उजेडात नेतात. एका पत्रात होरने गुहेतून वर येणारी नागमोडी वाट तयार केल्याचे सांगताना, पाताळात उतरणे सोपे असते या व्हर्जिलच्या विधानाचा उल्लेख केला आहे. तेथील पुजारीण त्याला लगेच जोडून हेही सांगते की परत वर येणेच कठीण. नदीदेवाची मूर्ती बसवली गेली त्याच सुमारास होरचा मुलगा नेपल्समध्ये वारला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण पायऱ्या चढणाऱ्याच्या मनात त्या एकत्र आल्या, तर त्याला दोष देता येणार नाही.

केनेथ वुडब्रिज या अभ्यासकाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संपूर्ण परिक्रमेचा अर्थ ईनियसच्या प्रवासाच्या आधारे लावला, आणि तेव्हापासून हा अर्थ इतका रूढ झाला की अनेक मार्गदर्शक पुस्तके तो निर्विवाद सत्य म्हणून देतात. त्याला एक मोठी अडचण आहे. फ्लोराचे देऊळ आणि गुहा बांधली गेली तेव्हा आजचे तळे अस्तित्वातच नव्हते. दरीत लहान लहान तळ्यांची साखळी होती, आणि दरीच्या नैऋत्य टोकाला बंधारा घालून त्यांचे एक मोठे सरोवर करण्यात आले ते १७५४ च्या सुमारास. ज्या तळ्याभोवती हा प्रवास घडतो तेच जर नंतर आले असेल, तर प्रवासाचा संपूर्ण आराखडा पहिल्या दिवसापासून मालकाच्या मनात होता असे म्हणता येत नाही. उलट इमारतींची कालानुक्रमे यादी पाहिली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते: १७४४ मध्ये सुरू झालेले फ्लोराचे देऊळ, १७४८ ची गुहा, १७५४ चे पॅन्थिऑन, १७६५ चे अपोलोचे देऊळ हा बांधणीचा क्रम आणि आज चालण्याचा क्रम हे जवळपास एकच आहेत. होर दरवर्षी चालत होता, चालता चालता जेथे काही कमी आहे असे वाटे तेथे पुढची इमारत उभारत होता, आणि मागे बांधलेल्या गोष्टींना पुढच्या गोष्टींमुळे नवा अर्थ मिळत होता. काव्य त्याच्या मनात होतेच, पण त्याने ते दरीवर एकदम लादले नाही. वीस वर्षांच्या पायपिटीतून ते हळूहळू तेथे रुजले. प्रस्तुत लेखकाला हा खुलासा अधिक पटतो, आणि चालण्याच्या दिशेविषयीचा आग्रह त्यातूनच येतो.

गुहेनंतर गॉथिक धाटणीची एक लहान झोपडी लागते, जिला टोकदार कमानीची खिडकी आणि बाहेरचे बाकडे नंतर, १८०६ मध्ये, जोडण्यात आले. तेथून पुढे झाडी बाजूला होते आणि पॅन्थिऑन समोर येते. रोममधील त्याच नावाच्या प्राचीन मंदिराची ही छोटी आवृत्ती आहे: पुढे खांबांची ओवरी, मागे गोल सभागृह आणि त्यावर घुमट. आरंभी त्याला हरक्यूलिसचे देऊळ म्हणत, कारण आतली मुख्य मूर्ती ग्रीक-रोमन पुराणांतल्या त्या महाबली वीराची आहे. अँटवर्पहून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या मायकेल रिसब्रॅक या शिल्पकाराने ती संगमरवरात घडवली, आणि तिच्यावर १७५६ हे साल आहे. मूर्तीचे अवयव घडवताना त्याने लंडनमधल्या अनेक मुष्टियोद्ध्यांची शरीरे समोर ठेवली होती, असे त्या काळीच सांगितले जात असे. तिच्याजवळच सेरीसच्या रूपातली, सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिची मूर्ती आहे, आणि ती मात्र खरोखरच प्राचीन रोमन आहे. नव्या आणि जुन्या दगडांचा हा शेजार होरला खटकला नाही. उलट आपल्या काळाचे काम प्राचीनांच्या बाजूला उभे राहू शकते, हा त्याचा विश्वास त्यात दिसतो.

हरक्यूलिसचे येथे असणे केवळ शोभेसाठी नाही. प्राचीन कथेनुसार तरुण हरक्यूलिससमोर सुख आणि सदाचार अशा दोन स्त्रिया उभ्या राहतात; एक सपाट, सोपी वाट दाखवते आणि दुसरी चढाची, कष्टाची. याच विषयावरचे निकोला पुसँचे चित्र होरच्या संग्रहात होते आणि ते आजही टेकडीवरच्या घरात आहे. पॅन्थिऑनहून पुढे गेले, एकोणिसाव्या शतकातला लोखंडी पूल आणि नंतर बंधारा ओलांडला, की चालणाऱ्यापुढे खरोखरच दोन वाटा येतात: एक पाण्याच्या काठाने सरळ गावाकडे जाते, दुसरी खडकाळ पुलावरून, खालचा सार्वजनिक रस्ता ओलांडून, चढ चढत अपोलोच्या देवळाकडे. दुपारपर्यंत थकलेले बहुतेक लोक पहिली निवडतात. चढाची वाट घेणाऱ्याला वर सूर्यदेवाचे गोल देऊळ मिळते, जे लेबनॉनमधील बालबेक येथील एका रोमन मंदिराच्या धर्तीवर रचलेले आहे. रॉबर्ट वुड याने बालबेकच्या अवशेषांची रेखाटने १७५७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि आठ वर्षांत तेथले देऊळ विल्टशरच्या टेकडीवर उभे राहिले. पुस्तकाच्या पानावरून दगडापर्यंतचा हा प्रवास त्या काळच्या अभिरुचीविषयी बरेच काही सांगतो. येथून खाली पाहताना आतापर्यंत तुकड्यातुकड्याने दिसलेल्या सर्व गोष्टी प्रथमच एका दृष्टिक्षेपात येतात, आणि गुहेच्या खिडकीतून पाहिलेले पाणी कोठून कोठपर्यंत होते, हे तेव्हा कळते. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरील २००५ सालच्या चित्रपटात पावसातल्या मागणीचा प्रसंग याच देवळात चित्रित झाला आहे, आणि येथे येणाऱ्या तरुण प्रवाशांपैकी पुष्कळांची स्टाउरहेडशी पहिली ओळख त्यातूनच झालेली असते.

उतरताना वाट त्याच रस्त्याच्या खालून, दगडी भुयारातून परत येते आणि पुलाजवळ निघते. १७६२ सालचा हा पूल ज्या पाण्यावर आहे ते तळ्याचा केवळ एक फाटा आहे आणि त्यावरून जाण्याची कोणाला गरज नव्हती. त्याच्यावर रस्ता नाही, गवत आहे. होरने त्या वर्षी आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याचा हेतू उघड सांगितला आहे: पलीकडून पाहणाऱ्याला वाटावे की नदी गावातून वाहत येते आणि हा गावकऱ्यांच्या वापरातला पूल आहे, आणि पूल, गाव व चर्च मिळून गास्पारच्या चित्रासारखे दृश्य व्हावे. भूदृश्य उद्यानाच्या कलेचे एवढे स्पष्ट निवेदन तिच्या निर्मात्यांकडून क्वचितच मिळते. पुलाच्या अलीकडे ब्रिस्टल शहरातून आणलेला दगडी स्तंभ आहे. १३७३ मध्ये उभारलेल्या या स्तंभाच्या कोनाड्यांत इंग्लंडच्या राजांच्या मूर्ती आहेत; शहराला तो नकोसा झाल्यावर त्याचे दगड सुटे करून ठेवण्यात आले होते, आणि होरने ते १७६५ मध्ये येथे आणून पुन्हा रचले. त्याने ते केले नसते तर तो आज बहुधा नसता. ग्रीक-रोमन देवांच्या परिक्रमेचा शेवट अशा रीतीने मध्ययुगीन इंग्लंडपाशी होतो.

होरने १७८३ मध्ये स्टाउरहेड नातवाच्या, रिचर्ड कोल्ट होरच्या हवाली केले. पेढीचा व्यवसाय सोडण्याची अट त्यासोबत होती, म्हणजे पेढी कधी बुडाली तरी ही दरी वाचावी. नातू गंभीर इतिहासकार होता आणि विल्टशरमधील प्रागैतिहासिक दफनटेकड्यांच्या उत्खननासाठी तो ओळखला जातो. त्याने तुर्की तंबूसारख्या काही हलक्याफुलक्या रचना काढून टाकल्या, तळ्याभोवती खडीची पक्की वाट केली, घराला ग्रंथालय आणि चित्रदालन जोडले, आणि १७९१ पासून ऱ्होडोडेंड्रॉन लावण्यास आरंभ केला. ही झुडपे चुनखडीच्या जमिनीत तग धरत नाहीत. आसपासच्या डोंगराळ भागात खडूचा दगड असला तरी या दरीतली जमीन वालुकाश्माची आणि आम्लधर्मी असल्याने ती येथे जोमाने वाढली, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांत आणखी रंगीत जाती, जपानी मेपल आणि दूरदेशीचे सूचिपर्णी वृक्ष यांची भर घातली. १९०२ मध्ये घराचा मध्यभाग आगीत जळाला व पुन्हा बांधला गेला. त्या पिढीचे मालक सर हेन्री होर यांचा एकुलता मुलगा पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जखमी होऊन १९१७ मध्ये वारला, वारस उरला नाही, आणि १९४६ मध्ये त्यांनी ही इस्टेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली. पुढच्या वर्षी, २५ मार्च १९४७ रोजी, ते आणि त्यांच्या पत्नी काही तासांच्या अंतराने वारले.

संस्थेपुढे तेव्हापासून जो प्रश्न आहे तो पाहणाऱ्यापुढेही आहे. होरच्या रंगमंजूषेत मुख्यतः हिरवा रंग होता. त्याचे मत जोसेफ स्पेन्स या समकालीन लेखकाने नोंदवले आहे: झाडांचे हिरवे रंग चित्रातल्या छायांप्रमाणे मोठमोठ्या राशींत योजावेत, गडद राशीसमोर फिकी रास ठेवावी, आणि गडद राशीतही फिक्या हिरव्याचे काही शिडकावे असावेत. मे-जूनमध्ये काठावर पेटणारे जांभळे, गुलाबी, शेंदरी ऱ्होडोडेंड्रॉन हे या मताच्या अगदी विरुद्ध आहेत, आणि त्याच महिन्यांत सर्वाधिक गर्दी लोटते. १९७० च्या दशकात संवर्धनाची योजना आखताना या पेचाचा विचार करण्यात आला. होरच्या काळातली रचना प्रमुख दृश्यांत राखावी, पण नंतरच्या दोनशे वर्षांची लागवड उपटून काढू नये, असा मध्यम मार्ग निघाला. तो समंजस आहे, कारण नातवाची झुडपेही आता इतिहासच झाली आहेत. तरीही ज्याला होरची दरी पाहायची आहे त्याने फुलांचा मोसम टाळून फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये यावे, जेव्हा पानगळीच्या वृक्षांच्या नुसत्या फांद्या असतात, लॉरेल आणि सूचिपर्णी यांच्या गडद राशी स्पष्ट दिसतात, आणि गुहेतल्या झऱ्याला हिवाळ्याच्या पावसाचे भरपूर पाणी असते. त्याने टेकडीवरच्या घराकडून निघावे, गावाच्या बाजूने नव्हे; अपोलोचा चढ टाळू नये; आणि दिवस शिल्लक असेल तर वायव्येकडे इस्टेटीच्या टोकाला असलेला ॲल्फ्रेडचा मनोरा गाठावा. नवव्या शतकात डेन आक्रमकांना हरवणाऱ्या राजा ॲल्फ्रेडच्या स्मरणार्थ होरने १७७२ मध्ये पुरा केलेला हा विटांचा त्रिकोणी मनोरा ४९ मीटर उंच आहे, १९४४ मध्ये विमान आदळून त्याचे टोक मोडले होते आणि ते नंतर दुरुस्त झाले, आणि त्याच्या २०५ पायऱ्या चढणाऱ्याला वरून विल्टशर, सॉमरसेट आणि डॉर्सेट हे तिन्ही परगणे एकाच वेळी दिसतात.